चंद्रकळा राखाडी का येते?

प्रश्न : काकू, नमस्कार. मी साताऱ्याचा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत माळा झाडताना आजोबांचा एन्लार्जर (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडायचं यंत्र) सापडला आणि त्याच्यासोबत निगेटिव्हची चळत. त्यातली एक संगम माहुलीच्या घाटावरची आहे. आजोबा पांढऱ्या टोपीत, शेजारी आजी काळ्या चंद्रकळेत. संक्रांतीला आत्याला या फोटोची ८ बाय १० ची कॉपी द्यायची आहे. पेपर नवा आहे, मल्टिग्रेड आरसी, म्हणजे फिल्टर बदलून काळं-पांढरं कडक-मऊ करता येणारा, प्लॅस्टिकचा लेप असलेला. दुकानातून शून्याचा लाल बल्ब आणला. न्हाणीघर पहाटे पाचलाच मोकळं मिळतं, म्हणून तेव्हा काम करतो. लेन्सचं तोंड एफ ८ ला ठेवून १२ सेकंद उजेड दिला तर फोटो फिका. वाढवत ३० सेकंदांवर गेलो. डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या औषधात) माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे बरोबर एक मिनिट. आता आजोबांची टोपी मळकी दिसते आणि चंद्रकळा राखाडी ती राखाडीच. ग्रेड ४ चा, म्हणजे कडक, फिल्टर लावून पाहिला, तर सगळंच आणखी फिकट झालं. निगेटिव्ह खराब झाली असेल का? सोबत एक कॉपी पाठवत आहे.

उत्तर : तुझी कॉपी दुपारी खिडकीत नेऊन पाहिली. आजी छान आहे. चंद्रकळेचा काठ साडीच्या अंगापेक्षा उजळ दिसतोय, म्हणजे फिल्म पॅनक्रोमॅटिक, सगळे रंग टिपणारी आहे. माझ्या मामंजींच्या काळात ऑर्थो प्लेटा असायच्या. त्यांना लाल दिसायचंच नाही. तेव्हाच्या फोटोत चंद्रकळेचा लाल काठ काळ्यात बुडून जायचा आणि कुंकू शाईचा ठिपका वाटायचं. तुझ्या आजीचं कुंकू करडं आहे, ते बरोबर आहे.

आता निगेटिव्हचं. ती खराब असती तर घाटाच्या पायऱ्यांच्या फटी आणि आजोबांच्या मिशीचे केस असे सुटे आले नसते. तरी खात्री करायची तर निगेटिव्ह वर्तमानपत्रावर उजेडात धर. टोपीचा भाग निगेटिव्हवर सगळ्यांत काळा असतो. त्यातून खालची अक्षरं जेमतेम वाचता आली, आणि चंद्रकळेचा भाग जवळजवळ काचेसारखा असून त्यात निऱ्यांची रेघ दिसली, तर निगेटिव्ह चांगली. स्टुडिओत आम्ही एवढंच बघायचो.

दोष तुझ्या पहाटे पाचमध्ये आहे.

सांगलीत गावभागात आमचा स्टुडिओ होता. पुढं कॅमेऱ्यामागं हे असायचे, मागच्या खोलीत मी. लग्न होऊन आले तेव्हा मला कॅमेऱ्याचं बटणसुद्धा माहीत नव्हतं. मामंजींनी मला आधी ट्रे धुवायला लावलं, मग हायपो (चित्र पक्कं करणारं औषध) कालवायला, आणि दोन वर्षांनी कुठं पेपर हातात दिला. त्यानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात एका शाळेच्या ग्रुप फोटोच्या चाळीस कॉप्या मी काढल्या, आणि चाळीसही अशाच, तुझ्यासारख्या. पोरांचे काळे केस राखेसारखे. मी वेळ वाढवली, तर पोरांचे पांढरे सदरे मळले. रडकुंडीला आले होते. मामंजी आत आले, काही न बोलता डेव्हलपरच्या ट्रेत करंगळी बुडवली आणि म्हणाले, "पोरी, औषध थिजलंय."

डेव्हलपरमध्ये काम करणारी दोन द्रव्यं असतात. एक मेटॉल, किंवा हल्लीच्या बाटलीत त्याच्या जागी फेनिडोन. दुसरं हायड्रोक्विनोन. मेटॉल पटकन उठतं आणि फिक्या, करड्या छटा दाखवायला लागतं. गडद काळं भरायचं काम बरंचसं हायड्रोक्विनोनचं, आणि ते थंडीला फार भितं. पाणी साधारण १३ अंशांच्या खाली गेलं की ते जवळपास कामच करत नाही. बैलजोडीतला एक बैल बसला तर दुसऱ्यानं ओढलेली गाडी जेवढी जाईल तेवढाच तुझा फोटो होतो. साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी किती गार असतं हे तू मला सांगायला नको. माहितीपत्रकातलं एक मिनिट २० अंशांसाठीचं आहे. तेही तिथंच लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात.

पुढचं सगळं त्यातून आलं. काळं येईना म्हणून तू एक्स्पोजर वाढवलंस. त्यानं काळं आलं नाहीच, पण जिथं उजेड पोचायला नको होता तिथं पोचला, आणि टोपी मळली. मग फिल्टर बदललास. इलफर्डचे फिल्टर असतील तर ००पासून साडेतीनपर्यंत वेळ तीच चालते. ४ आणि ५ ला मात्र दुप्पट द्यावी लागते. तू तेवढीच ठेवली असणार, म्हणून फिकट.

औषध ऊबेत ठेव. घरात बंब असेल तर उत्तमच. मोठ्या परातीत किंवा घमेल्यात कोमट पाणी घे आणि डेव्हलपरचा ट्रे त्यात बसव. ट्रेमध्ये थेट गरम पाणी ओतू नको, औषध पातळ होतं. थर्मामीटर विकत घे. करंगळी मामंजींची होती, तुझी नाही. २० ते २२ अंश ठेव, आणि दर दोन-तीन कागदांनंतर पुन्हा बघ, कारण थंडीत ट्रे वीस मिनिटांत निवतो. ती परात पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही, हे आईला आधीच सांग.

आणि पूर्ण वेळ दे. एक मिनिट म्हणजे किमान एक मिनिट, दीड झालं तरी आरसी पेपरचं काही बिघडत नाही. चित्र फार काळं व्हायला लागलं म्हणून पंचवीस सेकंदांत कागद उचलून हायपोत टाकणारे मी खूप पाहिले, आमच्याकडं शिकायला आलेला प्रत्येक मुलगा तेच करायचा. तो कागद कधीच धड होत नाही, डाग डाग येतात आणि काळं चिखलासारखं राहतं. जास्त काळं झालं तर ती एक्स्पोजरची चूक असते. ती एन्लार्जरखाली सुधारायची, ट्रेत नाही.

तुझ्या कॉपीत मला आणखी एक दिसलं, आणि हे तू लिहिलेलं नाहीस. कॉपीच्या चारी कडांना पांढरी पट्टी आहे ना, ईझलच्या, म्हणजे कागद धरणाऱ्या चौकटीच्या, पात्यांखाली झाकलेली? तिथं एन्लार्जरचा उजेड पडलेलाच नसतो. ती शुभ्र हवी. माझ्याकडं मल्टिग्रेडचा एक कोरा तुकडा नुसत्या हायपोतून काढून धुतलेला होता, तो शेजारी ठेवला, तर तुझी पट्टी किंचित राखाडी निघाली. हा तुझा शून्याचा बल्ब. त्याला शून्य म्हणतात, पण तो १५ वॅटच्या आसपास वीज खातो. त्यावरचा लाल रंग काचेला वरून लावलेला असतो आणि होल्डरपाशी बहुतेक खरवडलेला असतो. तिथून पांढरा उजेड गळतो. आपल्या डोळ्याला लाल दिसतं, पेपरला नाही.

याची परीक्षा नाण्यानं करतात, पण लोक ती अर्धी करतात. कोऱ्या कागदावर नाणं ठेवून लाल दिव्याखाली सोडलं आणि काही दिसलं नाही म्हणजे दिवा चांगला, असं नाही. पेपरला थोडा उजेड आधीच मिळालेला असेल तर त्यावर लाल दिव्याचा परिणाम लवकर दिसतो, आणि तुझ्या टोपीत नेमकं तेच घडतं. म्हणून पूर्ण अंधारात एन्लार्जरखाली कागदाला आधी इतका उजेड दे की तो धुतल्यावर अगदी फिका करडा येईल. मग त्यावर नाणी ठेव, लाल दिवा लाव, आणि २, ४, ८ मिनिटांनी एकेक नाणं उचल. लाल दिवा बंद करून अंधारातच धू. ज्या नाण्याचा गोल दिसला, तितकी मिनिटं तुझ्या दिव्याखाली पेपर टिकत नाही. दिवा चार फूट लांब ने, भिंतीकडं तोंड करून ठेव, आणि तरी गोल दिसला तर नीट सेफलाइट, म्हणजे पेपरला न बाधणारा डार्करूमचा दिवा, घे.

एवढं झाल्यावर दोन चिठ्ठ्या करून ठेव. कागदाचा एक तुकडा खोलीचा दिवा लावून उजेडात धर आणि पूर्ण दोन मिनिटं डेव्हलप कर. तुझ्या औषधाला येऊ शकणारं सगळ्यांत गडद काळं ते. दुसरा तुकडा अंधारातच सरळ हायपोत टाक. ते सगळ्यांत पांढरं. धुऊन, वाळवून भिंतीला लाव. यापुढं चंद्रकळा पहिल्या चिठ्ठीशी आणि टोपी दुसरीशी ताडून बघायची. डोळा फसतो. लाल दिव्यात प्रत्येक काळं गडदच वाटतं.

मग टेस्ट स्ट्रिप. पेपरची एक पट्टी टोपीवरून जाईल अशी ठेव, चेहऱ्यावरून नको. पुठ्ठा सरकवत ५, ७, १०, १४, २० सेकंद असे टप्पे दे. पाच-पाच सेकंदांच्या सरळ टप्प्यांत शेवटचे दोन सारखेच दिसतात, कारण पेपरला बेरीज कळत नाही, पट कळते. आता फक्त टोपी बघ. ज्या टप्प्यावर टोपी पांढरी आहे पण तिची घडी नुकती दिसायला लागली, ती तुझी वेळ. चंद्रकळेकडं यावेळी बघायचं नाही. माझं ठाम मत आहे की वेळ पांढऱ्यावरून ठरवायची आणि काळं फिल्टरवरून. उलटं करणारा रात्रभर कागद जाळतो.

त्या वेळेत पूर्ण कॉपी काढ, ग्रेड २ वर. आता चंद्रकळा बघ. राखाडी असेल तर ३ लाव, मग साडेतीन. निऱ्या पार नाहीशा झाल्या तर अर्ध्या ग्रेडनं मागं ये. मल्टिग्रेड पेपरला निळा उजेड कडक करतो आणि हिरवा मऊ, म्हणून कडक फिल्टर गुलाबी-जांभळे आणि मऊ पिवळे. आमच्या वेळी प्रत्येक ग्रेडचं वेगळं पाकीट आणावं लागायचं. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' पेपर यायचा, त्यातलं नेमकं हवं ते पाकीट दुकानात संपलेलं असायचं. हळदीच्या व्यापाऱ्याचा फोटो पैलवानाच्या ग्रेडवर काढायची वेळ यायची. पैलवान तेल लावून उभा, त्याच्या खांद्यावरची चकाकी मऊ पेपरवर सुद्धा फटफटीत यायची. व्यापारी बिचारा पांढऱ्या धोतरात पांढऱ्या गादीवर, त्याला कडक पेपर हवा.

औषध सुधारल्यावर मला वाटतं तुला ग्रेड अडीचच पुरेल. उरेल तो आजीचा चेहरा. पदर डोक्यावरून आहे, कपाळावर सावली आहे. तिथं थोडा उजेड अडवायचा. सायकलच्या स्पोकसारख्या बारीक तारेच्या टोकाला रुपयाएवढी पुठ्ठ्याची टिकली चिकटव. एक्स्पोजर चालू असताना चेहऱ्याच्या सावलीवर ती धर, पेपर आणि लेन्स यांच्या मधोमध, आणि सतत हलवत राहा. एकूण वेळेच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. १० सेकंद असतील तर दोन. जास्त केलंस तर आजीला कोणीतरी टॉर्च मारल्यासारखं दिसेल. मामंजी म्हणायचे, हात थांबला की फोटोत हात दिसतो.

नदीचं पाणी तुझ्या कॉपीत वरच्या कोपऱ्यात कोरं गेलंय. तिथं उलटं कर. मुख्य एक्स्पोजर संपलं की दोन्ही हातांनी बाकीचा फोटो झाक आणि कोपऱ्याला आणखी पाच-सहा सेकंद दे, हात वर-खाली करत. कृष्णा आणि वेण्णा तिथं मिळतात, पाण्यावर थोडी तरी लाट दिसली पाहिजे.

ओली कॉपी बघून लगेच खूष होऊ नकोस. आरसी फारसा बदलत नाही, पण पुढं कधी फायबर पेपर, म्हणजे प्लॅस्टिकचा लेप नसलेला, घेतलास तर तो वाळल्यावर पाच-दहा टक्के गडद होतो आणि पांढरं मंद पडतं. फायबरची वेळ त्या हिशेबानं किंचित कमी ठेवायची. आणि बघताना दिवा फार भगभगीत नको. शंभरच्या बल्बखाली चांगली दिसलेली कॉपी आत्याच्या माजघरात काळवंडते. हायपो झाल्यावर आरसी वाहत्या पाण्यात चार मिनिटं धुतला तरी चालतो. फायबरला पाऊण तास ते तासभर धुवावं लागतं, त्यात काटकसर करू नये.

प्रश्न : आमच्याकडं मे महिन्यात नळाचं पाणीच ३२ अंशांवर येतं. मग उन्हाळ्यात काम बंदच ठेवायचं का? – मिरजेहून एक वाचक

उत्तर : बंद कशाला? आम्ही मे महिन्यातच जास्त काम केलं, लग्नं तेव्हाच असतात. बर्फाचे तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून ती पिशवी ट्रेखालच्या परातीत ठेवा. आदल्या रात्री पाणी माठात भरून ठेवा. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बाटली सकाळपर्यंत बरीच निवते. औषध २४-२५ अंशांवर राहिलं तर वेळ कमी करून भागतं. त्यापुढं जुन्या फायबर पेपरचा थर मऊ पडतो आणि चिमट्याचे ओरखडे उठतात, म्हणून आमच्या हायपोत तुरटी असायची. दाढीनंतर लावतात तीच, तिनं थर कडक होतो. फक्त ती आम्ल घातलेल्या हायपोतच चालते, साध्या हायपोत टाकली तर दूध फाटल्यासारखं होतं.

प्रश्न : डेव्हलपर घरी बनवता येतो का? तयार बाटली महाग पडते. – इस्लामपूरचा एक शिक्षक

उत्तर : येतो. आम्ही वर्षानुवर्षं डी-७२ बनवला. एक लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ८०, पोटॅशियम ब्रोमाइड २, आणि याच क्रमानं. कोमट पाण्यात मेटॉल आधी विरघळवायचा, सल्फाइट आधी पडलं तर तो विरघळायला त्रास देतो. वापरताना एक भाग औषध, दोन भाग पाणी. धुण्याचा सोडा कार्बोनेट म्हणून वापरू नका, त्यात पाणी किती आहे ते कळत नाही. आणि हातात चिमटा घ्या. मी पंधरा वर्षं बोटांनी पेपर हलवले. मेटॉलनं पेरांना अशी खाज उठली की पोळ्या लाटता येईनात. एकदा तो बाधला की मग थोड्यानंही खाज उठते.

प्रश्न : जुन्या स्टुडिओतल्या बायकांच्या फोटोत नथीचे मोती आणि डोळ्यांतलं पांढरं इतकं स्वच्छ कसं असायचं? आमच्या कॉप्यांत ते धुरकट येतं. – साताऱ्याहून एक वाचक

उत्तर : हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण ते काम माझं होतं. ग्राहकाला वाटायचं हे कॅमेऱ्याचं कौशल्य. यांनाही तसंच वाटू द्यायचे मी.

ती जादू पोटॅशियम फेरीसायनाइडची. लाल खडे असतात, पाण्यात पिवळे होतात. १८८३ साली हॉवर्ड फार्मरनं ते हायपोबरोबर वापरायची रीत दिली, म्हणून त्याला फार्मरचा रिड्यूसर म्हणतात. ते चित्रातली चांदी काढतं. मी मात्र दोन्ही एकत्र करत नसे, कारण मिश्रण दहा-पंधरा मिनिटांत मरतं. अर्ध्या वाटी पाण्यात चिमूटभर खडे, रंग लिंबाच्या सरबताइतकाच. त्याहून गडद नको. हायपोतून काढलेली ओली कॉपी काचेवर घ्यायची, वरचं पाणी टिपायचं, आणि आगकाडीच्या टोकाला कापसाचा दोरा गुंडाळून मोत्यावर नुसता टेकवायचा. दोन-तीन सेकंद, आणि कॉपी लगेच परत हायपोत. हायपोत गेल्यावरच खरा बदल दिसतो. पुरेसं झालं नसेल तर पुन्हा. एका दमात उजळवायला गेलात तर मोत्याभोवती पिवळं कडं पडतं आणि नाकावर चंद्र उगवतो. तसं झालेली एका नवरीची कॉपी मी गुपचूप फाडली होती आणि नवी काढली. पेपरचे पैसे घरखर्चातून भरले.

डोळ्यांत पांढरं उजळवताना दोन्ही डोळ्यांचं सारखं करू नका. उजेडाच्या बाजूचा डोळा थोडा जास्त, सावलीतला अगदी कमी, नाहीतर बाई काचेच्या डोळ्यांची दिसते. टोपी, धोतर, कापसाची वात असं जे मुळात पांढरं आहे तिथंच हे काम करा. चेहऱ्याची कातडी यानं उजळवू नका. पुष्कळ गिऱ्हाइकं तेच मागायची. मी औषध संपलंय सांगायचे.

फेरीसायनाइड आम्लापासून दूर ठेवा. स्टॉप बाथच्या (डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या आम्लाच्या पाण्याच्या) ट्रेत ते कधी सांडू देऊ नका, आणि खिडकी उघडी ठेवून काम करा. बरणीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. रंग सरबताचा आहे हे मी वर म्हटलंच, घरात लहान मुलं असतात.

पहिल्या पत्रातल्या पोरासाठी : नवी कॉपी झाली की मला पाठव. मागं मऊ पेन्सिलीनं वेळ, ग्रेड आणि औषधाचं तापमान लिही. आरसीच्या पाठीवर साधी पेन्सिल उमटत नाही, तर चिठ्ठी जोड. आत्याला द्यायच्या कॉपीवर मात्र काही लिहू नको.